गोदावरीची वाटणी आणि शंकरराव चव्हाण

जमिनीची वाटणी झाली की बांध घालता येतो, खुणेचे दगड रोवता येतात. त्या बांधावरूनही भांडणे होतात हे खरे; पण भांडण कशाबद्दल आहे हे निदान डोळ्यांना दिसत असते. वाहत्या पाण्याचे आणि समुद्रातील मासळीचे तसे नाही. आज माझ्या हद्दीत असलेले पाणी उद्या शेजाऱ्याच्या हद्दीत जाणार आणि आज शेजाऱ्याच्या किनाऱ्याशी पोसलेली मासळी उद्या माझ्या जाळ्यात येणार. अशा चल संपत्तीवर हक्क सांगण्याचा एकच मार्ग लोभी मनाला सुचतो. तो म्हणजे शेजाऱ्याच्या आधी ती ओढून घेणे. सर्वांनीच हा मार्ग पत्करला की समुद्रातली मासळी संपते आणि नदीचे पात्र कोरडे पडते. म्हणूनच सामायिक संपत्तीचा प्रश्न अखेर शेजारधर्माचा प्रश्न ठरतो; आणि शेजारधर्म नुसत्या सद्‌भावनेपेक्षा चोख हिशेबावर अधिक टिकतो, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मान्य करावे लागते.

मराठी मुलखात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण गोदावरीचे आहे. या नदीच्या खोऱ्यातील महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश या दोन राज्यांचा अनेक वर्षे चाललेला वाद ६ ऑक्टोबर १९७५ रोजी दोन मुख्यमंत्र्यांच्या कराराने मिटला. आंध्रचे मुख्यमंत्री होते जलगम वेंगळराव आणि महाराष्ट्राचे होते शंकरराव चव्हाण. शंकररावांना मराठवाडा आजही स्मरतो तो पाणी अडविणारा नेता म्हणून. धरणांची नावे घेतली की त्यांचे नाव आपोआप ओठांवर येते. परंतु पाणी अडविण्याआधी ते शेजाऱ्याशी वाटून घ्यावे लागते, आणि हे काम धरण बांधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड असते. शंकररावांच्या चरित्राची ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. आजच्या पाणीतंट्यांच्या संदर्भात ती सांगणे अगत्याचे वाटते.

एका संस्थानाची दोन राज्ये

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदाकाठच्या पैठण येथे झाला. त्या काळी पैठण, परभणी, नांदेड हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. मद्रास विद्यापीठाची पदवी आणि उस्मानिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतलेल्या या तरुणापुढे वकिलीचा राजमार्ग मोकळा होता. पण स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रभावाने ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात ओढले गेले आणि संस्थानच्या सरहद्दीपलीकडील उमरखेडच्या परिसरातून त्यांनी काम केले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. त्यानंतर नांदेड ही शंकररावांची कर्मभूमी बनली. तेथील नगराध्यक्षपदावरून ते राज्याच्या राजकारणात आले आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाणांचे सहकारी म्हणून महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

याच १९५६ या वर्षात गोदावरीच्या वादाचे मूळ आहे. हैदराबाद हे एक संस्थान असेपर्यंत पैठणच्या खालची गोदावरी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच सत्तेखाली वाहत होती. वर मराठवाड्यात एक धरण आणि खाली तेलंगणात पोचमपाडला दुसरे, अशा योजना एकाच कचेरीत आखल्या जाऊ शकत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली आणि त्या संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. माणसांची वाटणी भाषेने झाली. परंतु नदीला भाषा नसते. कालपर्यंत जी एका घरातली व्यवस्था होती ती आता दोन शेजाऱ्यांमधील तंटा बनली. १९५१ मध्ये दिल्लीत झालेली गोदावरी-कृष्णेची जुनी वाटणी नव्या नकाशाला लागू पडेनाशी झाली, आणि पंडित नेहरूंच्या हस्ते २६ जुलै १९६३ रोजी पोचमपाड धरणाची पायाभरणी झाली तेव्हा महाराष्ट्रात अस्वस्थता वाढली.

जायकवाडी आणि अडलेले गाडे

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि पाटबंधारे व वीज खात्याची जबाबदारी शंकररावांकडे आली. या खात्याशी त्यांचे नाव पुढे जवळजवळ एक तपभर जोडलेले राहिले. राज्याच्या पाण्याचा समग्र विचार करण्यासाठी स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९६२ मध्ये आला, आणि कोणत्या खोऱ्यात किती पाणी आहे, त्यातून किती जमीन भिजू शकेल, याचा प्रथमच पद्धतशीर हिशेब राज्यापुढे मांडला गेला. शंकररावांची वृत्ती या हिशेबाला साजेशी होती. फाइल वाचल्याखेरीज सही करायची नाही, आकडा पाठ नसेल तर अधिकाऱ्यासमोर बसायचे नाही, असा त्यांचा लौकिक होता. राजकीय वर्तुळात त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत, ते काही केवळ थट्टेने नव्हे.

जायकवाडी प्रकल्पाचे नाव बीड जिल्ह्यातील ज्या गावावरून पडले तेथे मूळ हैदराबाद राज्याच्या योजनेतील धरण होणार होते. नव्या आखणीत ते बरेच वर, पैठणला आणण्यात आले. कारण उंचावरून निघालेला कालवा अधिक जमिनीला पाणी देऊ शकतो. नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली. या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावांवर विस्थापनाची पाळी आली. ही गावे शंकररावांच्या जन्मगावाच्या आसपासची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु पायाभरणी करणे वेगळे आणि पाण्यावरील हक्क निर्विवाद करणे वेगळे. ज्या नदीवर तंटा चालू आहे तिच्यावरील नव्या प्रकल्पाला केंद्राची आणि नियोजन आयोगाची मान्यता मिळविणे कठीण असते. मान्यता नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून काम रेंगाळते, आणि काम रेंगाळले की खर्च वर्षागणिक फुगतो. अनिश्चित हक्काची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात वेगळी दाखविली जात नाही. ती कोरडवाहू शेतकरी भरतो. १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्यानुसार केंद्र सरकारने १० एप्रिल १९६९ रोजी न्या. आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी लवाद नेमला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा आणि त्या वेळचे म्हैसूर अशी पाच राज्ये त्याच्यापुढे उभी राहिली. कैफियती, प्रतिकैफियती, नकाशे, पावसाच्या नोंदी यांचे ढीग साचू लागले आणि वर्षे जाऊ लागली.

साठ अब्ज घनफुटांची सही

शंकरराव २१ फेब्रुवारी १९७५ रोजी मुख्यमंत्री झाले. लवादाच्या निवाड्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपसांत बोलून मार्ग काढावा हे त्यांनी पत्करले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात करार झाला. त्यातील मुख्य कलमे थोडक्यात अशी. गोदावरीवर पैठणच्या धरणस्थळापर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरच्या धरणस्थळापर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली, मांजरेवरील निजामसागरच्या खालचा भाग धरून पोचमपाडपर्यंतच्या क्षेत्रात, आधी मंजूर झालेल्या वापराखेरीज नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राने ६० टीएमसीपर्यंत, म्हणजे साठ अब्ज घनफुटांपर्यंतच पाणी घ्यावे. आणि आंध्रने पोचमपाडचा जलाशय १०९१ फूट पातळीपर्यंत भरावा, त्यास महाराष्ट्राची हरकत नसावी. पुढे १९ डिसेंबर १९७५ रोजी पाचही राज्यांनी एकत्र येऊन आपापल्या समझोत्यांना संमती दिली. लवादाने १९७९-८० मध्ये दिलेल्या निवाड्याचा कणा म्हणजे राज्यांनी स्वतःहून केलेले हे करारच होत.

या कराराकडे देवघेव म्हणून पाहिले की त्याचे मर्म कळते. आंध्रने पैठण व सिद्धेश्वरच्या वरच्या पाण्यावरील दावा सोडला. महाराष्ट्राने त्याखालच्या भागात स्वतःवर मर्यादा घालून घेतली आणि पोचमपाडच्या पाणफुगवट्याखाली आपली जमीन जाऊ दिली. ही जमीन नांदेड जिल्ह्यातली होती, म्हणजे शंकररावांना निवडून देणाऱ्या जिल्ह्यातलीच. जन्मभूमीतली गावे जायकवाडीखाली आणि कर्मभूमीतली जमीन पोचमपाडखाली जाऊ देण्याची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आली. घोषणा करणाऱ्या पुढाऱ्याला दुसऱ्याचे पाणी मागता येते. सही करणाऱ्याला आपले काहीतरी द्यावे लागते.

साठ अब्ज घनफुटांची ही मर्यादा आमच्या परभणी जिल्ह्याला परकी नाही. सेलूजवळून वाहणारी दुधना सिद्धेश्वरच्या खाली पूर्णेला मिळते. म्हणजे सेलू तालुक्यातील वालूरचा शेतकरी ज्या निम्न दुधना प्रकल्पाकडे डोळे लावून बसतो, तो मर्यादेच्या क्षेत्रातच येतो. आपल्या वाट्याला आणखी का नाही, असा प्रश्न त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, लढत राहिलो असतो तर कदाचित अधिक मिळाले असते, कदाचित कमीही. पण मिळेपर्यंत काहीच निश्चित झाले नसते. निश्चित अशा साठ अब्ज घनफुटांवर धरण बांधता येते, अनिश्चित शंभरावर नाही. अर्थात कागदावर मिळालेले पाणी शेताच्या सरीत पोहोचविणे हे पुढचे काम आहे, आणि दुधनेच्या प्रकल्पाला लागलेली दशके पाहता त्या कामात आपण किती मागे राहिलो हे उघड आहे. तो दोष कराराचा नाही.

समुद्रावरचा पडताळा

ज्या महिन्यांत गोदावरीचा करार झाला त्याच सुमारास दूर उत्तरेच्या समुद्रात दोन वेगळी दृश्ये दिसत होती. त्यांची तुलना उद्‌बोधक आहे. आइसलँडने १५ ऑक्टोबर १९७५ पासून आपली मासेमारीची हद्द दोनशे मैलांपर्यंत वाढविली. कॉड मासळीवर जगणाऱ्या ब्रिटिश मच्छीमारांना हे मान्य नव्हते. एकाच लष्करी संघटनेचे सभासद असलेल्या या दोन देशांच्या बोटी परस्परांवर आदळू लागल्या, जाळी कापली गेली, फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधही तोडले. १ जून १९७६ रोजी तडजोड झाली तेव्हा ब्रिटनला केवळ चोवीस बोटींना आणि तेही सहा महिन्यांपुरती मुभा मिळाली. वाद ताणून धरणाऱ्या बलाढ्य राष्ट्राच्या पदरी एवढेच पडले.

त्याच वेळी नॉर्वे आणि सोव्हिएत युनियन हे दोन देश, एक पाश्चात्त्य गोटातला आणि दुसरा त्याच्या विरोधी गोटाचा नायक, बॅरंट्स समुद्रातील कॉडसाठी एकत्र बसले. एप्रिल १९७५ मध्ये त्यांनी मासेमारीतील सहकार्याचा करार केला, संयुक्त आयोग नेमला आणि कॉडची वाटणी निम्मी-निम्मी ठरविली. विशेष असे की, त्या समुद्रातील त्यांची सरहद्द तेव्हा ठरलेलीच नव्हती. ती ठरली २०१० मध्ये. सरहद्दीचा वाद पस्तीस वर्षे तसाच ठेवून त्यांनी मासळी मात्र दरवर्षी मोजून वाटून घेतली. मैत्री असलेल्या देशांत झगडा झाला आणि वैर असलेल्यांत वाटणी झाली. सामायिक संपत्तीच्या बाबतीत मनोमीलनापेक्षा मोजमाप अधिक उपयोगी पडते, हे यावरून दिसते. गोदावरीच्या कराराचे बळही असेच मोजमापात होते.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, १९७५ च्या ऑक्टोबरात देशात आणीबाणी होती, दोन्ही राज्यांत एकाच पक्षाची सत्ता होती, आणि दिल्लीचा शब्द अखेरचा होता. मग समझोत्याचे श्रेय मुख्यमंत्र्यांना कसे द्यावे? आक्षेपात तथ्य आहे. विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत मोकळी चर्चा होऊ शकत नसताना झालेला करार लोकशाहीच्या दृष्टीने उणाच म्हटला पाहिजे. तथापि याच काळात, याच न्या. बचावतांच्या अध्यक्षतेखाली कृष्णेचा तंटाही चालू होता. तेथेही बव्हंशी त्याच पक्षाची सरकारे होती. तरीही कृष्णेची वाटणी मुख्यतः लवादालाच करावी लागली. १९७३ चा निवाडा आणि १९७६ चा पुढील अहवाल यांनी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी पाणी दिले. त्यानंतर २००४ मध्ये कृष्णेसाठी दुसरा लवाद नेमावा लागला आणि तो वाद आजही शमलेला नाही. तेव्हा एकपक्षीय सत्ता तडजोड सोपी करते, पण घडवून आणत नाही. त्यासाठी आकडे ठाऊक असलेला आणि नापसंती सोसण्याची तयारी असलेला माणूस लागतो.

करार किती टिकाऊ ठरला याची कसोटी पुढे लागली. नांदेड जिल्ह्यातील बाभळी येथे महाराष्ट्राने बंधारा हाती घेतला तेव्हा तो पोचमपाडच्या जलाशयक्षेत्रातच येतो म्हणून आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मोर्चे निघाले, अटका झाल्या. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने बंधाऱ्यास अटींवर मान्यता दिली: साठा २.७४ टीएमसीचा, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. देखरेखीला त्रिसदस्य समिती. हा निर्णय ज्या पायावर उभा राहिला तो पाया १९७५ च्या कराराचाच होता. करार करणारे दोघेही मुख्यमंत्री तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते, आंध्रचे विभाजन होऊन पुढे २०१४ मध्ये तेलंगण जन्माला आले. पण भांडणाऱ्यांना मोजण्यासाठी फूटपट्टी तीच राहिली.

दोन शेजाऱ्यांच्या मध्ये

एक गोष्ट मात्र करारात नव्हती. पैठणपर्यंतचे पाणी महाराष्ट्राचे, एवढे त्यात ठरले. महाराष्ट्रात ते कोणाचे, हे ठरले नाही. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचे लोकार्पण झाले. पुढे वरच्या बाजूस नाशिक आणि नगर जिल्ह्यांत साठे वाढत गेले, आणि पाऊस ओढ देईल त्या वर्षी पैठणचा जलाशय रिता राहू लागला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने तुटीचे ओझे खोऱ्यातील सर्वांनी सारखे वाटून घ्यावे असे तत्त्व घालून दिले, प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये त्यानुसार आदेश दिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाच्या बाजूने कौल दिला. तरीही तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडायची वेळ आली की आंदोलने आणि याचिका ठरलेल्याच.

येथे मराठवाड्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. नाशिक-नगरच्या संदर्भात आपण खालचे आहोत. तेलंगणाच्या संदर्भात वरचे. वरच्याने खालच्याचा वाटा मोजून सोडावा, हे तत्त्व आपण पैठणला मागतो. मग तेच बाभळीला पाळावे लागते. वरच्यांना एक न्याय आणि खालच्यांना दुसरा, अशी भूमिका न्यायालयात टिकत नाही आणि शेजाऱ्याच्या मनातही टिकत नाही. वालूरच्या जुन्या बारवा आज लोक कौतुकाने पाहायला जातात. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या त्यांच्या पायऱ्या म्हणजे पाणी सामायिक असल्याची दगडातली कबुली होय. मात्र जुन्या काळी गावोगावच्या पाणवठ्यांवर साऱ्यांना उतरू दिले जात नव्हते, हेही तितकेच खरे आहे. पाणी सामायिक म्हणायचे आणि पायऱ्या मात्र काहींसाठीच राखायच्या, हा दुटप्पीपणा नदीच्या बाबतीत चालत नाही.

मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या पर्वानंतर, १९८० पासून, शंकररावांचा बराच काळ दिल्लीत गेला. शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह, अर्थ अशी महत्त्वाची खाती त्यांनी सांभाळली. १९८६ ते १९८८ या काळात ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. आणीबाणीत राज्याची सूत्रे त्यांच्या हाती होती आणि डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत बाबरी मशीद पडली तेव्हा केंद्रीय गृहमंत्री तेच होते. या दोन पर्वांचा जाब इतिहास त्यांना विचारणारच. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाला त्यांच्या नावावरून ‘शंकर सागर’ म्हणतात.

स्मारके होतात, जयंत्या होतात, ते योग्यच आहे. पण त्यांच्यापासून घ्यायचा धडा अधिक रोकडा आहे. पाण्याची मागणी करताना आकडा सांगावा, आकडा सांगताना शेजाऱ्याचाही आकडा ऐकावा, आणि एकदा सही केली की दुष्काळी वर्षीही ती पाळावी. सामायिक नदीवर यापेक्षा सोपा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही. पैठणला जन्मलेल्या आणि नांदेडला वाढलेल्या या माणसाला एकाच वेळी वरचा आणि खालचा शेजारी असण्याचा अर्थ कळला होता. मराठवाड्यातील आजच्या पुढाऱ्यांपैकी जो तो समजून घेईल, त्यालाच पैठणच्या वरच्या पाण्यावर आपला वाटा ठामपणे मागता येईल.